कुणी न सांगता वाचलेलं

अभ्यासाला नव्हतं, नोकरीत उपयोगाचं नव्हतं, तरी हातातून सुटलं नाही, असं एखादं वाचन आठवा आणि त्याचा अनुभव लिहा. रहस्यकथा, प्रेमकादंबरी, खेळाचं नाहीतर विणकामाचं पुस्तक, सगळं चालेल. नुसती यादी मात्र नको, वाचून काय घडलं ते हवं. सुरुवात मी करते.

अकरा वर्षांची असताना मामाचं बुद्धिबळाचं जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की त्यात 'पी-के४' (प्यादं राजाच्या ओळीतल्या चौथ्या घरात) लिहिलेलं, आणि काळ्याने तसंच केलं की पुन्हा 'पी-के४'. दोन प्यादी एकाच घरात कशी? छपाईची चूक समजून मी पेन्सिलीने दुरुस्त्या करत बसले. तिसऱ्या दिवशी उलगडलं, ज्याची खेळी त्याच्या बाजूने घरं मोजायची. मग पट फिरवून काळ्याच्या जागी बसले आणि समोरच्याच्या नजरेने डाव पहिल्यांदा दिसला. आताच्या पद्धतीत प्रत्येक घराला एकच नाव, ई४ म्हणजे दोघांनाही ई४. जागतिक बुद्धिबळ संघटना १९८१ पासून तीच मानते. सोपी आहेच ती, पण पट फिरवून बघायची सवय मला त्या जुन्या पुस्तकाने लावली.

*

ताई, असाच घोळ माझा क्रोशाच्या पुस्तकात झाला. भाचीसाठी टोपी करत होते. पुस्तकात 'डबल क्रोशे' होतं म्हणून मी सरळ खांब घालत गेले. टोपी उंच आणि सैल होत चालली. दोनदा उसवली. पुस्तक ब्रिटिश होतं आणि ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका! अमेरिकन पुस्तकात त्याच नावाचा अर्थ मी घालत होते तो उंच, पूर्ण खांब. आता कुठलंही नवीन पुस्तक आलं की आधी त्यातली टाक्यांची चित्रं बघते, नमुना नंतर.

*

वडील आजारी असताना नऊ रात्री त्यांच्या उशाशी बसून होतो. सोबत नेलेली गंभीर पुस्तकं उघडवेनात. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी पानं सुटलेली एक रहस्यकथा दिली. खून कुणी केला या एका प्रश्नाने मला पहाटेपर्यंत जागं ठेवलं, आणि दर तासाला वडिलांचं पांघरूण नीट करायला मी जागा होतो. अशा पुस्तकांना कुणी हलकं म्हटलं की मला खरोखर वाईट वाटतं.

*

शेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलो. पाण्यात तोंड घातलं की जीव घाबरा व्हायचा. एका पुस्तकात कारण मिळालं. मी श्वास कोंडून धरत होतो, आणि तो कोंडला की शरीरात साठणारा कार्बन डायऑक्साइडच श्वासासाठी तडफड करायला लावतो. म्हणून पाण्याखाली नाकातोंडाने हळूहळू हवा सोडत राहायचं आणि डोकं वर आलं की फक्त आत घ्यायची. आठवडाभर घरी बादलीत तोंड बुडवून बुडबुडे काढले. नंतर तलावात उतरलो तेव्हा भीती गेली नव्हती, पण श्वास माझ्या ताब्यात होता.

*

पक्ष्यांच्या पुस्तकात नावं अकारविल्हे का नसतात, याचा मला राग यायचा. ती नात्यागोत्याने लावलेली असतात, हे कळल्यावर अनोळखी पक्षी दिसला की आधी त्याचं कुळ शोधते. चोच बघायची, पाय बघायचे. नाव शेवटी सापडतं.

*

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डोंगर बंद झाले. गिर्यारोहणाची मार्गदर्शकं मात्र अजून वाचतो, नकाशे आणि गाठींच्या आकृत्यांसकट. हिने विचारलं, "आता कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. उशाशी हातभर दोरी ठेवलेली असते. ताणली तरी जिचा फास आवळत नाही, अशी एक गाठ बरेच दिवस जमत नव्हती. काल रात्री जमली. खाटेच्या पायाला बांधून जोर लावला, फास तसाच राहिला. मग सोडवून हिच्या हातात दिली आणि कशी बांधायची ते दाखवलं.