प्रेशेरेन हे आडनाव: आजच्या आकड्यावरून मूळ सांगता येतं का?

शेवंता

मी सहा वर्षांपासून स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात आहे. इथल्या मुख्य चौकाला कवी प्रेशेरेनचं नाव आहे. दोन युरोच्या स्लोव्हेनियन नाण्यावर तोच आहे, ८ फेब्रुवारी हा त्याच्या मृत्यूचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, आणि राष्ट्रगीतही त्याच्याच एका कवितेचं कडवं. फ्रान्से प्रेशेरेन, १८०० ते १८४९. एवढं मोठं नाव, पण आडनाव म्हणून पाहिलं तर अगदी विरळ. इथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव नोवाक, तेही सुमारे २१ लाखांच्या देशात ११ हजारांच्या आसपास. प्रेशेरेन काही शेकडोच भरतात.

मागच्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एकाने ठामपणे सांगितलं, "इतके कमी आहेत म्हणजे सगळे एकाच घराण्यातले, कवीचेच वंशज." मला हे अजिबात पटलं नाही आणि तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे मांडते.

पहिली गोष्ट, कवीचा वंश या आडनावाने पुढे गेलाच नाही. आना येलोव्शेक हिच्यापासून त्याला तीन मुलं झाली, पण दोघांचं लग्न झालं नाही, त्यामुळे मुलांना आईचं आडनाव लागलं. तिघांपैकी एकटी एर्नेस्तिना मोठी झाली. तिने १९०३ मध्ये वडिलांच्या आठवणी लिहून छापल्या आणि १९१७ मध्ये ती गेली, येलोव्शेक म्हणूनच. त्याचा भाऊ यूरी पाद्री, आणि आठव्या वर्षापासून ज्याने त्याला कोपान्य गावी नेऊन सांभाळलं तो चुलत आजोबा योझेफ, तोही पाद्री. ज्या घरातले पुरुष असे एकामागून एक धर्मसेवेत गेले, त्या घराच्या नावावर आजचे सगळे प्रेशेरेन लिहून टाकायचे?

दुसरी गोष्ट, हे आडनाव म्हणजे स्लोव्हेन भाषेतलं साधं विशेषण आहे. प्रेशेरेन म्हणजे आनंदात उधळलेला, जरा बेभान. टोपणनावावरून पडलेलं आडनाव. अशी टोपणनावं दोन गावांत, चार खोऱ्यांत वेगवेगळी पडू शकतात. माझं म्हणणं एवढंच की आजची संख्या आज किती माणसं आहेत ते सांगते. मूळ सांगत नाही.

आकडेमोड

शेवंताताई, कवीच्या वंशाबद्दल तुमचं बरोबर. पण शेवटचं वाक्य फार सरसकट झालं. आकडा एकटा बोलत नाही हे मान्य, पण आकडा कुठे साठलाय ते पाहिलं तर तो बरंच बोलतो.

तिथलंच उदाहरण घ्या. क्राइन्त्स हे स्लोव्हेनियातल्या पहिल्या काही आडनावांत येतं. अर्थ सरळ आहे, क्रान्स्का प्रांतातला माणूस. मग ते क्रान्स्कात जास्त असायला हवं ना? नाही. ते दाट आहे पूर्वेला, श्तायेर्स्का प्रांतात, मारिबोर शहराच्या बाजूला. कारण क्रान्स्कात सगळेच क्रान्स्कातले, तिथे कुणी कुणाला त्या नावाने का हाक मारेल? शेजारच्या प्रांतात येऊन राहिला तेव्हा लोक त्याला 'तो क्रान्स्कातला' म्हणू लागले. पुण्यात राहणाऱ्याचं आडनाव पुणेकर होत नाही, पुणं सोडून गेलेल्याचं होतं, तसंच हे. होर्वात म्हणजे क्रोएशियन, आणि ते दाट आहे ईशान्येला पोमुर्येत, क्रोएशिया आणि हंगेरीच्या सीमेला लागून. कुठलीही जुनी वही न उघडता, फक्त आजच्या प्रदेशवार संख्येवरून स्थलांतराची दिशा दिसते की नाही?

आणि विरळ आडनावाला तर हे जास्त लागू पडतं. नोवाक म्हणजे गावात नव्याने आलेला. असा माणूस प्रत्येक गावात असणार, म्हणून ते शंभर ठिकाणी उगवलं आणि एक नंबरवर गेलं. प्रेशेरेन जर दहा खोऱ्यांत वेगवेगळं पडलं असतं तर तेही हजारांत गेलं असतं. काहीशेच आहेत, म्हणजे उगम एक किंवा फार तर दोन. मला हा तर्क सरळ वाटतो.

कोकणकडा

मध्येच विचारतो, विषयाला धरूनच आहे. स्लोव्हेन आडनावांची यादी चाळली तर म्लाकर, त्सांकर अशी नावं दिसतात. आपलं '-कर' आणि त्यांचं '-कर' एकाच मुळाचं असेल का? दोन्ही भाषा शेवटी एकाच मोठ्या कुळातल्या.

जुनी पोथी

कोकणकडा, कुळ एक असलं तरी हा प्रत्यय एक नाही. म्लाका म्हणजे डबकं, पाणथळ जागा. तिथे राहणारा म्लाकर. म्हणजे 'क' मूळ शब्दातला आहे आणि प्रत्यय फक्त '-आर'. सायकलपटू तादेय पोगाचारचं आडनाव पाहा, पोगाचा ही गोल जाड पाव-भाकरी, ती करणारा पोगाचार. तिथे 'क' नाहीच. हा '-आर' लॅटिनमधून जर्मानिक भाषांमार्गे स्लाव्ह भाषांत आला. आपला '-कर' वेगळ्या वाटेने आला. ऐकायला सारखं वाटतं, तेवढ्यावर नातं जोडू नये.

आकडेमोड, तुमच्या तर्कात एक भोक आहे. आडनावं मरतात, आणि बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने मरतात. एका पिढीत मुली झाल्या, एक मुलगा लढाईत गेला, एक पाद्री झाला, संपलं. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये नेमका हाच प्रश्न गणितज्ञांपुढे टाकला होता. समजा १६व्या शतकात प्रेशेरेन सहा गावांत पडलं. त्यातली पाच घराणी चारशे वर्षांत विझली आणि एक वाढलं. आज तुम्हाला एकच पुंजका दिसणार आणि तुम्ही म्हणणार, उगम एकच. उरलेला एक आणि उगवलेला एक, हे आजच्या आकड्यांत सारखेच दिसतात.

आकडेमोड

भोक मान्य. पण मग तुम्ही हेही मान्य करा की सहा गावांत पडलं होतं याचा पुरावा तुमच्याकडेही नाही. जे दिसत नाही ते होतं असं धरून चालायचं का? माझ्या हातात निदान आज जिवंत असलेली माणसं आहेत, मोजलेली.

स्नेहांकिता

मोजलेली कुणी आणि कशी, हेही बघा दादा. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या साइटवर पाचपेक्षा कमी माणसांचं आडनाव असेल तर संख्या दाखवतच नाहीत, कारण त्यावरून माणूस ओळखता येईल. योग्यच आहे ते. पण विरळ आडनावांचा अभ्यास करायचा तर सर्वांत विरळ असलेलीच दिसत नाहीत. प्रदेशवार पाहताना तर अजूनच. एखाद्या विभागात चार माणसांचं एक जुनं घर असेल तर तो विभाग तुम्हाला रिकामा दिसेल.

शिवाय ही गणती देशाच्या सीमेपुरती. स्लोव्हेन माणसं ऑस्ट्रियाच्या कोरोश्का प्रांतात आहेत, इटलीत त्रिएस्तेला आहेत, अमेरिकेत क्लीव्हलंडला तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इटलीच्या ताब्यातल्या भागात मुसोलिनीच्या काळात स्लाव्ह आडनावं कायद्याने इटालियन करून टाकली. वोदोपिवेत्स म्हणजे पाणी पिणारा, त्याचं बेव्हिलाक्वा झालं. अर्थ तोच, माणूस तोच, गणतीत मात्र तो एका रकान्यातून पुसला आणि दुसऱ्यात चढला. हे करताना त्या घरांना काय वाटलं असेल, याचा विचार केला की मला या रकान्यांकडे नुसतं आकडे म्हणून बघवत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तुम्ही सगळे 'घराणं विझलं' म्हणताय ते फक्त मुलगे नव्हते म्हणून. मुली होत्या, त्यांची मुलं होती. ती कुठे गेली?

शेवंता

स्नेहांकिता, याचंच उत्तर द्यायला मी परत आले. वर्बाची एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवी होती.

वर्बा हे कवीचं गाव, गोरेन्स्का प्रदेशात, ब्लेड या तळ्याकाठच्या गावापासून जवळ. छोटंसं. गावात लिंडनचं एक जुनं झाड आहे, आपल्याकडे पार असतो तसं झाडाभोवती बसायला केलेलं, पण पार सलग असतो आणि इथे सुटे दगड आहेत, सोळा. गावात सोळा पूर्ण शेतघरं होती, प्रत्येकाचा एक दगड. पंचायत भरली की त्या घराचा कर्ता आपल्या दगडावर बसायचा. मी गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, दगड ओले होते, तरी एकावर टेकले. दगडांचा वरचा भाग गुळगुळीत झालाय, कडा मात्र अजून हाताला लागतात. मला तिथे जाणवलं की हा दगड माणसाचा नव्हता, आडनावाचाही नव्हता, घराचा होता. घरात जो असेल तो बसणार.

आणि त्या घरांना आपापली नावं होती. कवीच्या घराला गावात 'प्रि रिबिचू' म्हणत, म्हणजे रिबिचकडे. रिबिच म्हणजे मासे धरणारा. कागदावर प्रेशेरेन, गावाच्या तोंडी रिबिच. पुढे काय झालं बघा. मुलगे शिकायला, चर्चकडे, शहराकडे गेले आणि घर गेलं कवीच्या बहिणीकडे, मीनाकडे. तिचा नवरा वोव्क आडनावाचा, वोव्क म्हणजे लांडगा. त्या दिवसापासून त्या घरात राहणारे लोक वोव्क. प्रेशेरेन हे आडनाव त्या उंबऱ्यातून बाहेर पडलं, पण घर रिबिचच राहिलं. १९०० मध्ये त्याच घरात आंतोन वोव्क जन्मला, जो पुढे ल्युब्लियानाचा आर्चबिशप झाला. कवीच्या रक्ताचा, कवीच्या घरात जन्मलेला, आणि प्रेशेरेनांच्या गणतीत कुठेच नाही. मुली कुठे गेल्या, तर एक मुलगी तर घरातच होती. गेलं ते आडनाव.

आकडेमोडदादा, म्हणून मी हट्ट धरते. तुमच्या रकान्यात आज प्रेशेरेन म्हणून जो आहे तो कवीचा कुणीच नसू शकतो, आणि जो कवीचा आहे तो वोव्कच्या रकान्यात असतो.

आकडेमोड

ताई, वोव्कची गोष्ट मला माहीत नव्हती. वंशाचा मुद्दा मी सोडला. पण तुम्ही दोन प्रश्न एकत्र करताय. 'कवीचे नातलग कोण' हा एक आणि 'आडनाव कुठे जन्मलं' हा दुसरा. पहिल्याला आकडे निरुपयोगी आहेत, मान्य. दुसऱ्याला क्राइन्त्स आणि होर्वातमध्ये ते उपयोगी पडले, हे तुम्ही खोडलेलं नाही.

शेवंता

खोडणारही नाही, क्राइन्त्सचं मला पूर्ण पटलं. जिथे आडनावाच्या अर्थातच ठिकाण आहे, तिथे नकाशा बोलतो. प्रेशेरेनच्या अर्थात ठिकाण नाही, स्वभाव आहे. वेसेल हे दुसरं आडनाव, अर्थ तोच, आनंदी. कोस म्हणजे काळा गाणारा पक्षी, गोलोब म्हणजे कबूतर. असल्या नावांचा पुंजका कुठेही दिसला तरी पहिला माणूस कुठे होता ते त्यावरून मी सांगणार नाही. तो खरंच आनंदी होता की लोक उलट अर्थाने चिडवत होते, तेही नाही.

कोकणकडा

मग सांगायचं कशावरून? सगळंच संशयास्पद म्हणून सोडून द्यायचं का? मला हा धागा वाचून खरंच कुठल्या तरी एका आडनावाचा माग काढून बघावासा वाटतोय.

जुनी पोथी

चर्चच्या नोंदवह्यांवरून. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या. त्याआधीचं पाहायचं तर जमीनदारांच्या कुळांच्या वह्या, त्यांना उर्बार म्हणतात. १७७० मध्ये ऑस्ट्रियाच्या राज्यात सैन्यभरतीसाठी घरांना क्रमांक दिले, तिथून पुढे घर आणि माणूस यांची सांगड घालणं सोपं जातं.

दोन अडचणी सांगून ठेवतो. एक, लिपी. १८४०च्या दशकापर्यंत आजची स्लोव्हेन लेखनपद्धत रुळली नव्हती, आणि वह्या जर्मन किंवा लॅटिन वळणाच्या. त्यामुळे 'श' हा ध्वनी कधी दोन अक्षरांनी, कधी तीन अक्षरांनी लिहिलेला सापडेल. दोन, विभक्ती. आपल्याकडे माणूसचं माणसाचा होतं, कापूसचं कापसाचा होतं, मधला स्वर गळतो. तिथेही तसंच, प्रेशेरेनचं 'प्रेशेर्ना' होतं. त्यामुळे प्रेशेर्न असंही रूप चालत आलं. दोन्ही रूपं शोधली नाहीत तर अर्धी माणसं निसटतात, जुन्या वहीतही आणि आजच्या यादीतही.

शेवंता

त्यात माझी भर. ल्युब्लियाना धर्मप्रांताच्या बऱ्याच वह्या 'मात्रिकुला' या साइटवर पानापानाने मोफत बघता येतात. कोकणकडा, शोधताना आडनावाशेजारी 'व्हुल्गो' हा लॅटिन शब्द दिसला की थांबा. त्याच्यापुढे घराचं नाव असतं. आडनाव बदललेलं दिसलं आणि 'व्हुल्गो'पुढचं नाव तेच राहिलं, तर समजा जावई घरात आलाय. ऑस्ट्रियातल्या कोरोश्कात शेतघरांना ही नावं आजही वापरतात आणि तिथल्या स्लोव्हेन घर-शेत नावांची २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या युनेस्को वारसा यादीत नोंद झाली आहे. वर्बाच्या आसपास, झिरोवनित्साच्या गावांमध्ये, आता घरांवर भाजलेल्या मातीच्या पाट्या लावल्या आहेत. पाटीवर राहणाऱ्याचं आडनाव नसतं, 'प्र' ('प्रि'चंच बोली रूप) लिहून पुढे घराचं जुनं नाव असतं. एका दारात एक आजी झाडत होत्या, त्यांना मी आडनाव विचारलं. त्यांनी आधी पाटीकडे बोट दाखवलं.