गोष्ट वाचून काकू आठवली, असाइनमेंटवर शेरा आला: "थिअरी कुठे आहे?"

निफाडकर वाचक

नमस्कार. मी टीवायबीएला आहे, स्पेशल इंग्लिश. निफाड तालुक्यातल्या गावाहून रोज एसटीने नाशिकला येते. बारावीपर्यंत माझं सगळं मराठी माध्यमात झालं.

या सेमिस्टरला आम्हाला एकेक लघुकथा एकेका थिअरीतून, म्हणजे समीक्षेच्या एकेका दृष्टिकोनातून, वाचायची आहे. माझ्या वाट्याला अमेरिकन लेखिका केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' आणि फेमिनिझम (स्त्रीवाद) आलं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, गोष्ट दोन-तीन पानांची आहे. मिसेस मॅलर्डला हृदयाचा त्रास असतो. नवरा रेल्वे अपघातात गेला ही बातमी बहीण तिला जपून सांगते. ती बहिणीच्या कुशीत रडते, मग एकटीच खोलीत जाते, उघड्या खिडकीसमोर बसते. आणि तिच्या ओठांतून शब्द निघतो, 'फ्री'. मग दार उघडून नवराच घरात येतो, अपघात झाला हेही त्याला ठाऊक नसतं. ती कोसळते. डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली.

ही गोष्ट मी एसटीत वाचली आणि पिंपळगाव येईपर्यंत पुस्तक मिटून बसले. मला माझी काकू आठवली. काका गेले तेव्हा मी नववीत होते. दहावा झाला, पाहुणे गेले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकूने कपाटातून बँकेचं पासबुक काढलं. ती ते खिडकीपाशी घेऊन गेली आणि उजेडात कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण आणखीही काहीतरी होतं, त्याला मला तेव्हा नाव देता आलं नाही. घरातल्या बायका म्हणाल्या, बघा, राख गार नाही झाली आणि ही पैसे मोजते. पुढच्या हंगामात द्राक्षबागेची गोडी छाटणी कधी धरायची ते काकूनेच ठरवलं.

हे सगळं मी असाइनमेंटमध्ये लिहिलं. 20 पैकी 8 मिळाले. शेरा: "पर्सनल रिस्पॉन्स. थिअरी कुठे आहे?" माझ्या मैत्रिणीला 16 आहेत. तिच्या चार पानांत पेट्रिआर्की (पुरुषसत्ता), ऑप्रेशन (दडपणूक), आयडेंटिटी (ओळख) हे शब्द भरपूर आहेत, पण खिडकीचा उल्लेख एकदाही नाही. मला तिचा हेवा वाटत नाही, ती मनापासून अभ्यास करते. मला खरंच समजून घ्यायचं आहे. थिअरी लावायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि काकूला काढून टाकायचं का? पुढच्या सोमवारी सुधारून जमा करायची मुभा मिळाली आहे.

एमए पार्ट टू, कॉलेज रोड

पीटर बॅरीचं 'बिगिनिंग थिअरी' बघ, 1995 चं आहे, लायब्ररीत मिळेल. प्रत्येक प्रकरणात त्या पद्धतीचे समीक्षक नेमकं करतात काय याची यादी दिलेली असते. व्याख्या पाठ करू नकोस, ती यादी वाच. यादीतला एक मुद्दा निवड आणि तुझ्या गोष्टीतली एक जागा त्याच्यासमोर ठेव.

काकू मात्र काढून टाक. इंटर्नलला वैयक्तिक लिहिलेलं चालत नाही, मी दोनदा हात पोळून घेतलेत.

निवृत्त प्राध्यापिका, नाशिक रोड

काकूला काढू नकोस बाळ. आधी तिला बाजूला बसव, मग परत बोलव. मी या जिल्ह्यात 31 वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की तुला मिळालेला शेराच मुळात एका थिअरीतून आलेला आहे. विमसॅट आणि बीर्ड्स्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1949 मध्ये मांडलं की कविता वाचकावर काय परिणाम करते यावरून कवितेची पारख करणं ही चूक आहे. त्याच्या आधीच, 1938 मध्ये, लुईज रोझेनब्लॅट नावाच्या बाईंनी उलट बाजू मांडली होती. वाचक आपलं आयुष्य घेऊन पुस्तकाशी येतो आणि अर्थ त्या दोघांच्या भेटीत घडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तू जे केलंस त्यालाही थिअरीत घर आहे. पण रोझेनब्लॅटबाईही वाचकाला मोकाट सोडत नाहीत. आठवण आली की तिला घेऊन परत ओळीकडे जायचं, ती ओळ त्या आठवणीला पेलते का ते तपासायचं. तुझं अडलं ते इथे. तू काकूकडे गेलीस आणि गोष्टीकडे परत आलीच नाहीस.

आता गोष्ट उघड आणि फक्त एक काम कर. तिला कुठे कोणत्या नावाने हाक मारली आहे ते पेन्सिलने खूण करत जा. सुरुवातीला ती मिसेस मॅलर्ड आहे. खोलीत गेल्यावर नुसती 'ती'. मग ती स्वतःशी कुजबुजते की शरीर मुक्त, आत्मा मुक्त. आणि त्यानंतर लगेच बहीण बंद दाराच्या किल्लीच्या भोकाला ओठ लावून हाक मारते, "लुईज". तिचं स्वतःचं नाव पूर्ण गोष्टीत पहिल्यांदा इथे येतं. पुढे नवरा दारात उभा राहतो, त्याचा मित्र रिचर्ड्स त्याला कुणाच्या तरी नजरेआड करायला धावतो. कुणाच्या? लेखिका लिहिते, "त्याच्या बायकोच्या". नाव आलं आणि काही ओळींत परत गेलं. यात पेट्रिआर्की हा शब्द एकदाही न लिहिता तुझ्या हातात पुरावा आला. आता तो शब्द लिही, आता तो शोभेल.

दुसरी जागा. मैत्रिणीच्या पानांत ऑप्रेशन आहे म्हणतेस. पण हा नवरा वाईट आहे का? तिच्याकडे त्याने प्रेमानेच पाहिलं असं गोष्ट स्पष्ट सांगते. तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, कधीकधी. बऱ्याचदा नव्हतं. आणि मग ते वाक्य येतं, की एका माणसाने दुसऱ्यावर आपली मर्जी लादणं, हेतू दयेचा असो की क्रूरपणाचा, त्या क्षणी तिला गुन्ह्याहून कमी वाटत नाही. दयेचाही! छळणारा नवरा दाखवणं सोपं होतं, शोपॅनने ते केलं नाही. स्त्रीवादी वाचन इथे खरं कामाला येतं, कारण ते तुला माणसाच्या स्वभावापलीकडे, लग्नाच्या रचनेकडे बघायला लावतं. माझ्या वर्गात मी वर्षानुवर्षं हे वाक्य फळ्यावर लिहून घंटा होईपर्यंत तसंच ठेवत असे.

तिसरी जागा शेवटाची. जेरार झेनेत या फ्रेंच समीक्षकाने 1972 मध्ये एक साधा भेद केला. गोष्ट सांगतं कोण, हा एक प्रश्न. गोष्टीत बघतं कोण, हा दुसरा. खोलीत आपण लुईजच्या डोळ्यांनी बघतो. नव्या पालवीने थरथरणारे झाडांचे शेंडे, पावसाचा वास, खाली ओरडणारा फेरीवाला, वळचणीतल्या चिमण्या. दार उघडल्यावर मात्र ते डोळे आपल्याकडून काढून घेतले जातात. शेवटचं वाक्य डॉक्टरांचं आहे. ती आनंदाने गेली असं लेखिका म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. आणि डॉक्टर खोलीत नव्हते, आपण होतो. गोष्ट 1894 ची. बाईच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न तेव्हाच तिने एका वाक्यात मांडून ठेवला.

शोपॅनचे वडील 1855 मध्ये रेल्वे अपघातातच गेले होते, ती तेव्हा लहान होती. हे वाचलं की चरित्राच्या मागे धावावंसं वाटतं. धाव, पण थोडंच. वडील तसे गेले म्हणून लुईजला मोकळं वाटलं, असा हिशेब लागत नाही.

आता काकूला बोलव. लुईज आणि काकू कुठे सारख्या आहेत ते तुला दिसलंच आहे. त्या वेगळ्या कुठे होतात ते शोध. तुझं लेखन तिथून सुरू होईल. आणि आधी मराठीतच विचार कर, कच्चं मराठीत लिही. याच गावात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवता शिकवता वसंत कानेटकरांनी मराठी नाटकं लिहिली. दोन भाषा एका घरात नांदतात.

अंबड, सेकंड शिफ्ट

मी कॉलेजला गेलेलो नाही, वाचतो भरपूर. मॅडमनी लिहिलेलं दोनदा वाचलं. पण मनात एक सल आहे. अमेरिकेतल्या बाईच्या खिडकीपाशी आपण इतका वेळ बसतो आणि आपल्या नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले दलित कथाकार बाबूराव बागूल वर्गात किती जणांना माहीत असतात? 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 ला आलं. त्यातल्या याच नावाच्या गोष्टीतला 'मी' नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो, जात लपवून खोली घेतो. मी पंचवीस वर्षांपूर्वी खोली शोधत फिरत होतो तेव्हा मला आडनाव विचारलं जायचं, भाडं नंतर. ती गोष्ट वाचताना मला कुठली थिअरी लागली नाही. घाम फुटला होता.

निवृत्त प्राध्यापिका, नाशिक रोड

दादा, तुमचा सल मला मान्य आहे. मीही बागूल वर्गात फार उशिरा आणले, याचं मला वाईट वाटतं. पण तुम्हाला घाम का फुटला ते बघा. त्याची जात त्या घरात फक्त त्याला माहीत आहे आणि आपल्याला. प्रत्येक प्रेमाच्या शब्दाला, प्रत्येक आग्रहाला आपण त्याच्यासोबत दचकतो, बाकीचे हसतखेळत असतात. लुईजच्या खोलीतही तेच आहे, तिच्या मनातलं आपल्याला कळतं, दाराबाहेरच्यांना नाही. हे लेखकाने रचलेलं आहे, आणि त्या रचनेला नाव देणं म्हणजे थिअरी. शेवटी जात उघड होऊन त्याला मारहाण होते, तेव्हा तो मारणाऱ्यांची नावं घेत नाही, मनूचं घेतो. ही गोष्ट 'माणुसकीचा विजय' अशा गुळगुळीत शब्दांत वाचली तर ते नाव पुसलं जातं. शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 च्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मध्ये हेच सांगितलं, की हे साहित्य नुसत्या आनंदाच्या मापाने मोजता येणार नाही.

एमए पार्ट टू, कॉलेज रोड

मॅडम, माझा सल्ला मी मागे घेतो. काकू राहू दे.

निफाडकर वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दिवसभर सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसले आणि नावांवर पेन्सिलने खुणा केल्या. मॅडम म्हणाल्या तसंच आहे. आणखी एक दिसलं, नवऱ्याचं नाव प्रत्येक वेळी पूर्ण येतं, ब्रेंटली मॅलर्ड. अपघातात मेलेल्यांच्या यादीतही तेच सगळ्यात वर असतं. तो मेला तरी त्याचं नाव पूर्ण, ती जगली तर तिचं अर्धं. बागुलांचं पुस्तकही घरी आणलं आहे, अंबडच्या दादांसाठी नाही, माझ्यासाठी.

रविवारी घरी काकू डब्यात द्राक्षं भरत होती. मी विचारलं, काकू, त्या दिवशी पासबुकात इतका वेळ काय बघत होतीस? शिल्लक किती आहे ते? ती हातातला घड तसाच धरून थांबली. म्हणाली, "शिल्लक कुठली बघते! माझं नाव छापलं होतं त्याच्यावर. ह्यांच्या नावाखाली, दुसऱ्या ओळीत. लग्नानंतर आपलं नाव असं छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं."

मी खूप वेळ काही बोलले नाही.

असाइनमेंट आता पाच पानांची झाली आहे. काकू चौथ्या पानावर येते, एकाच परिच्छेदात. लुईजचं नाव बहिणीच्या तोंडून येतं आणि काकूचं छापील कागदातून, आणि काकू जगली, इथे त्या दोघी वेगळ्या होतात असं मी लिहिलं आहे. फक्त एक अडलं आहे. इंग्रजीत 'आंट' लिहिलं की ती माझी काकू राहत नाही, कुणाचीही होते. 'काकू' हाच शब्द रोमन लिपीत ठेवला तर चालेल का? उद्या सकाळी साडेदहाला जमा करायचं आहे, कुणी आज रात्री सांगितलं तर बरं होईल.