इलिनॉयमधल्या छोट्या खेड्याचा इतिहास: आधी कुठले कागद बघावेत?

कागदकिडा
मध्य इलिनॉयमध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेलगतच्या चार-पाचशे वस्तीच्या एका खेड्यावर लेख लिहायला घेतलाय. स्थापना १८५५ ची सांगतात, पण मेन स्ट्रीटवरच्या विटांच्या इमारती सगळ्या १८८० नंतरच्या. मधली पंचवीस वर्षं गेली कुठे? आणि शोध सुरू कुठून करू?

साखळी६६
हे गाव हळूहळू वसलेलं नाही, कागदावर आखलेलं आहे. त्यामुळे सुरुवात नकाशापासून. १७८५ च्या लँड ऑर्डिनन्सने जमिनीच्या ६ बाय ६ मैलांच्या टाउनशिप पाडल्या. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि सोळावा शाळेसाठी राखीव. मोजणी ६६ फुटी साखळीने, ८० साखळ्यांचा एक मैल. मैलामैलावर काटकोनात जाणारे रस्ते त्यातूनच आले. सरळ रस्ता मध्येच बाजूला सरकून पुढे जात असेल, तर तिथे बहुधा करेक्शन लाइन आहे. रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात, ती तफावत मोजणीदारांनी अशा रेषांवर भरून काढली.

तेव्हा आधी गावाचा टाउनशिप, रेंज (टाउनशिपचा पूर्व-पश्चिमेकडे कितवा उभा पट्टा) आणि सेक्शन क्रमांक काढा. सोबत मुख्य रेखावृत्त, म्हणजे रेंज जिथून मोजतात ती उभी रेषा, लिहायला विसरू नका! इलिनॉयमध्ये दुसरं, तिसरं आणि चौथं अशी तीन चालतात. तेच आकडे वेगवेगळ्या जागी येतात आणि माणूस भलत्याच काउंटीत जाऊन पोचतो.

रूळतपासणी
यानंतर लोक ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर जमिनीचे पेटंट, म्हणजे सरकारने पहिल्या मालकाला दिलेले हक्काचे कागद, शोधतात. ते फुकट आहे, पण तुमच्या बाबतीत अर्धंच चित्र मिळेल. १८५० च्या सरकारी जमीन-अनुदानात रुळांच्या दोन्ही बाजूंना सहा मैलांपर्यंतचे सम क्रमांकाचे सेक्शन या रेल्वेसाठी गेले. तिथल्या शेतकऱ्याने जमीन रेल्वेकडून घेतली, त्यामुळे त्याचं खरेदीखत काउंटी रेकॉर्डरकडे (जमिनीच्या दस्तांची नोंदणी करणारा अधिकारी) सापडेल, सरकारी पेटंटांत नाही. विषम सेक्शनांतही पेटंटवरचं नाव म्हणजे पहिला रहिवासी असं धरू नका. जमीन नुसती घेऊन ठेवणारे पुष्कळ होते.

गावाचा मूळ प्लॅट, म्हणजे रस्ते आणि भूखंड आखलेला नोंदणीकृत नकाशा, तोही रेल्वेच्या नावाने शोधू नका. कंपनीच्या सनदेत गावं वसवायला मनाई होती, म्हणून कंपनीशी संबंधित मंडळींनी 'असोसिएट्स' म्हणून ती खासगीत आखली. म्हणजे शोध व्यक्तींच्या नावाने घ्यायचा. नकाशा बहुतेक ठिकाणी एकच: उभ्या रस्त्यांना आकडे, आडव्यांना झाडांची नावं. 'ओक स्ट्रीट' दिसला म्हणून तिथे ओक होते असं लिहू नका, कृपया.

चिखलवाट
पंचवीस वर्षांचं कोडं बरंचसं पाण्याचं असावं. मध्य इलिनॉयची सपाट प्रेअरी (गवताळ माळरान) वसंतात पाण्याखाली असायची. १८३७ मध्ये जॉन डीअरचा पोलादी नांगर आला, त्याने चिकट माती उलटली, पण पाणी काढणं त्याचं काम नव्हे. १८७९ च्या कायद्यांमुळे ड्रेनेज डिस्ट्रिक्ट (पाण्याचा निचरा करणारी स्थानिक संस्था) काढून जमीनमालकांवर खर्च बसवता येऊ लागला. मग जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप घातले गेले, मका वाढला, धान्य साठवायचे एलेव्हेटर उभे राहिले आणि दुकानदारांकडे विटांपुरता पैसा आला. डिस्ट्रिक्टच्या नोंदी काउंटी कोर्टहाउसमध्ये विचारा. दुसरं कारण आग. लाकडी दुकानांची रांग जळाली की पुन्हा बांधताना विटा वापरत. जळिताची तारीख स्थानिक वर्तमानपत्रात शोधावी.

साखळी६६
इमारतींसाठी सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसने बरेच ऑनलाइन टाकलेत. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा लाकूड, निळा दगड. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की पिवळ्याचा गुलाबी कधी झाला ते कळतं. अगदी लहान गावांचे मात्र नसतातच. जनगणनेत १८९० ची पोकळी राहणार. १९२१ च्या आगीनंतर त्या नोंदी जवळजवळ सगळ्या गेल्या.

कागदकिडा
आभार. याला 'व्हिलेज' लिहू की 'टाउन'?

रूळतपासणी
नोंदणीच्या कागदावर असेल ते. इलिनॉयमध्ये 'व्हिलेज' हा कारभाराचा प्रकार आहे, आकाराचा नाही. सत्तर हजारांवर वस्तीचं शॉमबर्गही कायद्याने व्हिलेजच. ओहायोत मात्र ५,००० वस्ती झाली की सिटी, आणि आयोवात नोंदणीकृत गाव कितीही लहान असो, सिटीच.