भुताने सूड घ्यायलाच हवा का?

शेवटी अपघातात गेलेल्या पोराचं भूत बघ्यांचा सूड घेत नाही, म्हणून वर प्रतिक्रिया देणाऱ्या दोघांना हा भुताचा लघुपट फुसका वाटला. मला तर तिथेच घाम फुटला. ते नुसतं त्या बघ्यांतल्याच एकाच्या, म्हणजे नायकाच्या, दारात उभं राहतं आणि म्हणतं, "पानी दे रे भाऊ." आपल्या खानदेशी अहिराणी बोलीत ते ऐकताना आपल्याच गल्लीतलं कुणी बोलतंय असं वाटलं.

पारोळा-एरंडोल रस्त्यावर मीही एकदा असाच बघ्या म्हणून उभा होतो. मोटारसायकल घसरलेली, भोवती वीसेक माणसं, आणि कुणीतरी फोन केला असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. फोन खूप उशिरा गेला. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात हेच दिसलं: कुणाला तरी झटका आल्याचं फक्त आपणच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच.

मदत न करण्यामागची नायकाची 'पोलिसांचं लचांड नको' ही सबब मात्र दिग्दर्शकाने तपासायला हवी होती. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे त्याला नंतर कळलं असतं, तर ते दार उघडणं आणखी जड झालं असतं.