गिटारवर एफ तूर्त बाजूला ठेवून ए मायनर व सी घ्या
गिटारची एफ कॉर्ड (अनेक तारा एकत्र वाजवून होणारा स्वरसमूह) स्वच्छ वाजत नसेल तर पुढे जावे का, या धुळ्याच्या सदस्यांच्या प्रश्नावर माझे मत असे की अवश्य जावे, कारण पूर्ण एफमध्ये एकट्या तर्जनीला सहाही तारांवर आडवे पडावे लागते आणि तेवढी ताकद नवशिक्याच्या हातात नसते. त्याऐवजी ए मायनर आणि सी ही जोडी घ्यावी. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार पहिली) पहिल्या फ्रेटमध्ये, म्हणजे मानेवरील धातूच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात, तर मधले बोट चौथ्या व अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये असते. सीकडे जाताना पहिली दोन बोटे मुळीच न उचलता फक्त अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये न्यायची असते. बोट घराच्या पुढच्या, म्हणजे गिटारच्या पोकळ भागाकडच्या, धातूच्या पट्टीलगत ठेवल्यास कमी दाबातही सूर स्पष्ट येतो, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात तापलेल्या खोलीत तारांचा सूर उतरतो, कूलरच्या ओलसर झोतात लाकूड फुगते, म्हणून गिटार कूलरसमोर ठेवू नये आणि दर वेळी आधी ट्यूनरवर (सूर तपासणाऱ्या साधनावर) सुरात लावून घ्यावी. नाहीतर बरोबर धरलेली कॉर्डही चुकल्यासारखी वाटते आणि दोष बोटांना दिला जातो.