न्यूमोनियानंतर वडिलांची इम्युनिटी संपली म्हणतायत, रिपोर्ट कळणारं कोणी आहे का?

अक्कलकोट_रोड: नमस्कार मंडळी. वडील ५८ वर्षांचे, एमआयडीसीत पॉवरलूमवर तीस वर्षं काढलीत, जुना दमा आहे. मागच्या महिन्यात ताप आला, तिसऱ्या दिवशी धाप लागायला लागली, तपासणीत स्वाइन फ्लू निघाला आणि सोबत न्यूमोनिया. नऊ दिवस ॲडमिट, त्यातले चार ऑक्सिजनवर. घरी येऊन तीन आठवडे झाले, तापबिप नाही पण जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात, खोकला जात नाही, आणि छोटीला सर्दी झाली ती लगेच यांनाही लागली. परवाच्या रिपोर्टात लिम्फोसाइट ११ टक्के, समोर लाल बाण. शेजारचे काका म्हणले इम्युनिटी संपली बे तुझ्या बापाची. आत्तेभाऊ एक पावडर विकतो, ३२०० चा डबा, तीन डबे घे म्हणतोय. आई रोज गुळवेलीचा काढा पाजतीय ते वेगळंच. काय करू?

लॅबवाली: टक्के सोडा, लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार आहे, टोटल डब्ल्यूबीसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी किती ते सांगा. आणि रक्त दिलं तेव्हा स्टिरॉइड चालू होतं का?

अक्कलकोट_रोड: १४,२००. हो ताई, दम्यासाठी प्रेडनिसोलोन चालू होतं, काल संपलं.

लॅबवाली: मग १४,२०० चे ११ टक्के करा. १५६२ येतात. मोठ्या माणसात साधारण हजार ते चार हजार चालतात, म्हणजे आकडा बरोबर आहे की. ताटात भात जास्त वाढला की भाजी कमी दिसते तसं झालंय, स्टिरॉइडनं न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात वाढतात आणि लिम्फोसाइट काही काळ बाजूला सरकतात, म्हणून बाण. फ्लू जोरात असताना लिम्फोसाइट खरंच पडतात पण बहुतेकांचे काही आठवड्यांत वर येतात. इम्युनिटी नावाचा एकच आकडा आमच्या कुठल्याच मशीनवर येत नाही. आणि जुन्या आजारांची, लसींची आठवण फ्लूनं पुसली जात नाही, ते काम गोवराचं, २०१९ च्या एका अभ्यासात गोवर झालेल्या मुलांच्या जुन्या अँटिबॉडी ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत गेलेल्या दिसल्या.

तुमच्या बाबांचं कच्चं ठिकाण मला श्वासनळी वाटतं. कफ वर ढकलणारे बारीक केस असतात ना आतल्या अस्तरावर, फ्लूत ते अस्तरच झडतं, परत यायला आठवडे लागतात, तोवर जंतूंना मोकळं रान. १९१८ च्या साथीत बहुतेक लोक गेले ते मागून आलेल्या बॅक्टेरियाच्या न्यूमोनियानं. तेव्हा परत ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला, धाप वाढली तर घरी थांबू नका. लूमवर इतक्यात पाठवू नका, ती कापसाची धूळ आत्ता नकोच.

बाळीवेसची_काकू: बाळा, शुगर बघितली का? आमच्या यांना २०२१ ला कोविडमध्ये स्टिरॉइड दिलं, आधी कधी शुगर नव्हती, ३८० निघाली, आणि शुगर चढलेली असली की जखम भरत नाही, इन्फेक्शन सुटत नाही. खायला नुसती पेज देऊ नका हो, अंगावरचं मांस उतरलेलं असतं. मी अंडी, घट्ट वरण, भाकरीवर दही नि शेंगाचटणी असं चालवलं, सिद्धेश्वर तलावाला चक्कर पहिल्या महिन्यात जमलीच नाही, अंगणातच फिरायचे. दमले की बसायचं, जोर करायचा नाही. अडीच महिने लागले पूर्ववत व्हायला.

कडक_भाकरी: काढ्याला का नावं ठेवता? आमचे आजोबा आयुष्यभर गुळवेल पिले, ९१ ला गेले.

लॅबवाली: नावं नाही ठेवत दादा. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलंय. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, दुसरीच वनस्पती असेल म्हणाले, पण बाजारातून आणलेली काडी कुठली हे तुमच्या आईंना तरी ओळखू येईल का? आत्ताच एवढी औषधं झालीत, राहू द्या.

आणि एक राहिलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासून घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट होते. व्हायरसनंतरचा साधा खोकलाही आठ आठवडे चालतो, पण स्टिरॉइडनं झोपलेला टीबी जागा होऊ शकतो.

अक्कलकोट_रोड: अपडेट देतोय, उशीर झाला माफ करा. थुंकी निगेटिव्ह. जेवणानंतरची शुगर २१२ होती, डॉक्टरांनी पथ्य लावलं, स्टिरॉइड सुटून तीन आठवडे झाल्यावर आता १४८. रक्ताच्या नवीन तपासणीत (सीबीसी) डब्ल्यूबीसी ७,४००, लिम्फोसाइट २६ टक्के, मी स्वतःच गणित केलं, १९२४! काढा बंद केला, आई दोन दिवस बोलली नाही. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची ते पुढच्या व्हिजिटला ठरेल. खोकला कमी आहे, गेलेला नाही, पण काल मधल्या पायरीवर न बसता वर आले.

पावडरचा एक डबा आईनं आधीच घेऊन ठेवला होता, सील फोडलेलं नाही. आत्तेभाऊ आता फोन उचलेना.