मदत हवी आहे: 'धीरगंभीर'साठी इंग्रजी शब्द

शब्दवेडी: सिरिअस, सॉलेम, ग्रेव्ह, सोबर, सिडेट यांतला कुठला कधी वापरतात? शब्दकोशात सगळ्यांपुढे 'गंभीर' एवढंच दिलंय. मजकूर आजच छापखान्यात द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

निशाचर: कशाबद्दल लिहिताय? माणूस, प्रसंग की आजार? वाक्य द्या ना. ग्रेव्ह हा आजार, चूक, धोका यांना लागतो. त्यात पुढे काहीतरी वाईट होण्याची भीती असते. सॉलेम विधीला. मंत्र्यांच्या शपथेतलं 'गांभीर्यपूर्वक' म्हणजे इंग्रजी शपथेतलं 'सॉलेम्नली'.

शब्दवेडी: माणूस. आमचे मुख्याध्यापक.

कोकणकडा: सोबर! सोबर साडी, सोबर रंग म्हणतोच की आपण. डोळे झाकून लिहा.

टेम्सकाठ: नको हो. इकडे इंग्लंडात माणसाला सोबर म्हटलं की आधी 'प्यायलेला नाही' असाच अर्थ घेतात. वाचणार कोण आहे?

कोकणकडा: आपलेच लोक वाचणार असतील तर आपलं इंग्रजी का नको? लग्नाच्या जाहिरातींत सर्रास 'सोबर' छापतात, कुणाचा गैरसमज होत नाही.

शब्दवेडी: माजी विद्यार्थी वाचणार. निम्मे अमेरिकेत.

गोळीऔषध: सिडेट टाळा. विशेषण म्हणून 'संथ, शांत' हा अर्थ बरोबर आहे, पण क्रियापद झालं की गुंगीचं औषध देणं. लहान मुलांना एमआरआयच्या वेळीही बऱ्याचदा द्यावं लागतं, कारण हलून चालत नाही.

चांदोबा: शांतसाठी ट्रँक्विल आणि सिरीन आहेत. चंद्रावर या दोन्ही नावांचे 'समुद्र' आहेत! १९६९ साली अपोलो ११ 'ट्रँक्विलिटी'त उतरलं, १९७२ साली अपोलो १७ 'सिरेनिटी'च्या काठाशी.

निशाचर: चंद्रासाठी वेगळा धागा काढा. ताई, सर हयात आहेत ना? हा स्मृतिअंक आहे का?

शब्दवेडी: आहेत, आहेत! निवृत्तीचा सत्कार आहे. प्रयोगशाळेत आग लागली तेव्हा सगळे किंचाळत होते आणि सर दारात उभे राहून, वर्गात हजेरी घेतात त्याच आवाजात, एकेकीला नावाने बाहेर बोलावत होते. ते त्या शब्दात यायला हवं.

निशाचर: हे आधी सांगायचं! मग कम्पोज्ड. आत कितीही खळबळ असली तरी स्वतःला सावरून धरणारा. सिरीन माणसाला सावरावं लागत नाही.

रोज_एक_पान: इंग्रजी सुधारायचं असेल तर रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचा.

टेम्सकाठ: कम्पोज्ड +१. जोडीला डिग्निफाइड घाला, 'धीरगंभीर'मधला आब येईल.

कोकणकडा: डिग्निफाइडने सर परके वाटतील. आगीचा प्रसंगच लिहा, विशेषणं कमी करा.

शब्दवेडी: प्रसंग लिहिते आणि कम्पोज्ड ठेवते. आता अजून एक, इंग्रजीत आडनावापुढे 'सर' लावलं तर चालेल का?